१४ बाय ३२ चा गाळा, हेअर सलून: खुर्च्या किती, पाणी कुठे, दिवे कसे?

नवी_कात्री

नमस्कार. हेअर सलूनच्या आतल्या रचनेबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. काम अजून कागदावरच आहे, त्यामुळे बदलायला वाव आहे.

गाळा आतून १४ फूट रुंद, ३२ फूट लांब, उंची साडेदहा फूट. पुढची १४ फुटांची बाजू पूर्ण काच. मागच्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याची लाइन आणि ड्रेनचा पॉइंट आहे. स्वच्छतागृह मागच्या दाराबाहेर, त्यामुळे आतली सगळी जागा वापरता येईल.

हाती आलेला आराखडा असा: दोन्ही लांब भिंतींना तीन-तीन मिळून सहा खुर्च्या, एका खुर्चीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत साडेतीन फूट. दोन वॉश युनिट (केस धुण्याचं बेसिन जोडलेल्या खुर्च्या) उजव्या भिंतीला, साधारण मध्यावर, म्हणजे बाहेरून दिसतील. जमीन चकचकीत काळी टाइल, छतही काळं, प्रत्येक खुर्चीच्या बरोबर वर पिवळसर स्पॉटलाइट. चित्रात फार देखणं दिसतं.

प्रश्न:
१. सहा खुर्च्या खरंच बसतात का?
२. वॉश युनिट ड्रेनपासून लांब नेलं तर काय अडचण येते?
३. दिवे कोणते आणि कुठे? हेअर कलरचं काम जास्त असणार आहे.
४. वायरिंग आणि एसी किती धरायचे?
५. काळी टाइल कशी राहील?

---

ओळंबा

सहा खुर्च्या बसतील, पण सहा जण काम करू शकणार नाहीत. आराखड्यात खुर्ची म्हणजे एक गोल काढलेला असतो. त्या गोलाभोवती माणूस फिरतो, त्याचे कोपर बाहेर येतात आणि त्याच्या शेजारी ट्रॉली असते. हे तिन्ही कागदावर दिसत नाही.

आरशाच्या भिंतीपासून मोजत या. आरशाखालची फळी ९-१० इंच. तिच्यापुढे ग्राहकाचे गुडघे आणि फूटरेस्ट. हे धरलं की खुर्चीचा मध्य भिंतीपासून सव्वातीन फुटांवर येतो आणि पाठ सव्वाचार फुटांवर. पाठीमागे स्टायलिस्टला वाकायला, अर्धवट वळायला सव्वादोन फूट तरी लागतात. म्हणजे एका ओळीने साडेसहा फूट खाल्ले. समोरच्या भिंतीला तशीच ओळ टाकली की तेरा फूट संपले, मध्ये उरला एक फूट. चहाचा ट्रेसुद्धा त्यातून सरळ जाणार नाही.

आता बाजूचं अंतर. हातांसकट खुर्ची साधारण २६ इंच रुंद असते. साडेतीन फूट म्हणजे ४२ इंच, त्यातून २६ गेले, राहिले १६. ट्रॉली १४ इंचांची. ट्रॉली उभी राहिली की माणसाला जागा नाही. मध्यापासून मध्यापर्यंत पाच फूट हे आरामाचं अंतर, साडेचार चालतं, सव्वाचारच्या खाली जाऊ नका. ब्लो-ड्राय करताना एका हातात ब्रश, दुसऱ्यात ड्रायर आणि दोन्ही कोपर उघडी असतात. शेजारच्याचा धक्का लागतो तो नेमका तेव्हाच.

तुमच्या गाळ्यात मला असं दिसतं: पुढचे सहा फूट रिसेप्शन आणि बसायची जागा, मागचे नऊ फूट पाण्याचं काम, मधले सतरा फूट कात्रीचं. सतरा फुटांत एका भिंतीला सव्वाचार फुटांनी चार खुर्च्या येतात. पाचवी हवीच असेल तर समोरच्या भिंतीला, पण समोरच्या दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीसमोर. ती भरलेली असताना ये-जा अरुंद होईल, बंद पडणार नाही. त्या भिंतीचा उरलेला भाग १०-१२ इंच खोल कपाटांना द्या. त्याहून खोल काही नको.

दाढीसाठी पूर्ण मागे पडणारी खुर्ची घेणार असाल तर तिचा हिशेब वेगळा. ती आडवी झाली की पायापासून डोक्यापर्यंत सहा फूट जातात आणि डोक्यामागे माणूस उभा राहतो. ती ओळीच्या टोकालाच ठेवा.

बसायची जागा दोन खुर्च्यांमागे एक या हिशेबाने पुरते. वाट पाहणाऱ्याची नजर सरळ वॉश युनिटवर आडव्या पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जाऊ नये. ओले केस, मान मागे, डोळे मिटलेले, अशा वेळी कोणालाच आपल्याकडे कोणी बघावंसं वाटत नाही. तुमच्या आराखड्यात वॉश युनिट बाहेरून दिसावं म्हणून मध्ये घेतलंय. मला तेवढ्या एका कारणासाठीही ते मागे न्यावंसं वाटतं.

सुताराला बोलावण्याआधी रिकाम्या गाळ्यात जमिनीवर मास्किंग टेपने हे सगळं आखा. २८ इंचांचे पुठ्ठ्याचे गोल कापून खुर्च्यांच्या जागी ठेवा आणि दोन माणसांना हातात ड्रायर धरून शेजारी-शेजारी उभं करा. अर्ध्या तासात आराखड्यातली चूक पायाखाली येते.

---

ढाळ_आणि_निचरा

ओळंबा यांनी बसण्या-दिसण्याचं कारण सांगितलं. मी ड्रेनचं सांगतो, ते जास्त कडक आहे.

वॉश युनिटच्या ड्रेनला ५० मिमीचा पाइप लागतो आणि त्याला ४० ला १ असा ढाळ हवा. ५० ला १ वर पाणी जातं, पण सलूनच्या पाण्यात केस आणि कंडिशनरचा मेणचट थर असतो. तो मंद पाण्यात पाइपच्या तळाशी बसतो, मग त्यावर केस अडकतात. आता हिशेब बघा. ड्रेन डाव्या मागच्या कोपऱ्यात आणि युनिट उजव्या भिंतीला मध्यावर, म्हणजे पाइपची वाट सहज २४ फूट. २४ फूट म्हणजे २८८ इंच, भागिले ४०, सात इंचांहून जास्त उतार. त्यात दोन इंचांचा पाइप आणि वरचा कोबा मिळवा, दहा इंचांचा ओटा झाला. ओल्या जागेत दहा इंचांची पायरी म्हणजे रोज कोणीतरी अडखळणार. पायरी टाळायला ढाळ कमी केला तर काही महिन्यांत लाइन तुंबणार. दोन्हीकडून नुकसान. तेच युनिट ड्रेनपासून चार फुटांवर ठेवलं तर उतार सव्वा इंच, आणि ओटा लागलाच तर चार इंचांच्या आत बसतो.

मागचे नऊ फूट असे वापरा. युनिटची डोक्याची बाजू मागच्या भिंतीकडे. भिंत ते बेसिन अडीच फूट, केस धुणाऱ्याला उभं राहायला. युनिटची लांबी चार फूट. पायाकडे अडीच फूट मोकळे. बरोबर नऊ. दोन युनिट तीन-तीन फुटांच्या अंतराने डाव्या बाजूला आली की रुंदीतले आठ फूट उजवीकडे उरतात. तिथे रंग कालवायचं टेबल आणि टॉवेल धुण्याचं मशीन.

पाइप टाकताना:

काटकोनातलं एक एल्बो नको, ४५ अंशांचे दोन घ्या. प्रत्येक वळणावर साफसफाईचं तोंड ठेवा आणि ते टाइलखाली गाडू नका. एक फूट बाय एक फूट झाकण निघालं पाहिजे.

ट्रॅप, म्हणजे पाणी धरून गटाराचा वास अडवणारं वळण, पी आकाराचा, ५० मिमी पाणी अडवणारा. एस आकाराच्या ट्रॅपमधलं पाणी जोराच्या निचऱ्याबरोबर ओढलं जातं आणि मग गटाराचा वास थेट बेसिनमधून येतो. ग्राहकाचं नाक तिथून फुटभर अंतरावर असतं. लाइनला हवेची नळीही हवी, ती विसरली की चांगला ट्रॅपसुद्धा कोरडा पडतो.

केस अडवायची जाळी बेसिनच्या तोंडाशी असतेच. तिच्याखाली काढता येणारं भांडं असलेला दुसरा केसरोधक बसवा. वरची जाळी दर धुण्यानंतर, खालचं भांडं रोज रात्री. युनिट विकत घेताना खालचा पत्रा उघडायला किती स्क्रू आहेत ते बघा. सहा स्क्रू असतील तर ते भांडं कोणी रोज काढणार नाही. चुंबकाचं झाकण असेल तर काढतील.

आणि बेसिन निवडताना मानेचा विचार करा. पुढेमागे कलणारं चिनी मातीचं बेसिन घ्या आणि मानेखाली जेलची गादी. १९९३ साली वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांची नोंद आली, बेसिनवर मान फार मागे ताणल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची. "ब्यूटी पार्लर स्ट्रोक" हे नाव तेव्हापासूनचं. प्रकार दुर्मीळ आहे, पण तो टाळायला बेसिन कलायला हवं एवढंच. शोरूममध्ये स्वतः दहा मिनिटं आडवे व्हा. दोन मिनिटांत काहीच कळत नाही.

---

नवी_कात्री

दोघांचेही मनापासून आभार. वॉश युनिट मागे गेलं, नक्की. गिझरचं कुठेच लिहिलेलं नाही. जागा वाचवायला इन्स्टंट गिझर चालेल का? ३ किलोवॉटचा सुचवला आहे.

---

ढाळ_आणि_निचरा

नाही चालणार. आकडेच बोलतात. हँड शॉवरला मिनिटाला ६ लिटर लागतात. २० अंशांचं पाणी ३८ अंशांवर न्यायला त्या धारेसाठी साडेसात किलोवॉट हवेत. ३ किलोवॉटचा गिझर तेवढ्या तापमानाला मिनिटाला अडीच लिटरही देणार नाही. दाट केसांतला शाम्पू त्या धारेत निघत नाही. दोन बेसिन एकदम चालू झाली तर विचारच नको.

साठवणीचा गिझर घ्या. एका धुण्याला, दोनदा शाम्पू आणि कंडिशनर धरून, सुमारे २५ लिटर पाणी. दोन बेसिन, तासाला प्रत्येकी तीन धुणी, म्हणजे १५० लिटर. गिझरमध्ये ६० अंश, नळाचं २०, हवं ३८, तर मिश्रणात गरम पाण्याचा वाटा ४५ टक्के. तासाला जवळजवळ ६८ लिटर गरम. ५० लिटरचा, ३ किलोवॉटचा गिझर पुन्हा पूर्ण तापायला ४७ मिनिटं घेतो, म्हणजे तासाला ६४ लिटर, शिवाय आधी साठलेलं. पुरतं. तोच गिझर २ किलोवॉटचा असेल तर ७० मिनिटं लागतात, आणि सलग तिसऱ्या तासाला पाणी कोमट येऊ लागतं. नळाचं पाणी थंडीत १० अंशांपर्यंत उतरत असेल तर वाटा ५६ टक्क्यांवर जातो. मग ८० ते १०० लिटरचा घ्या.

तापमान ६० च्या खाली ठेवून वीज वाचवू नका. कोमट साठ्यात लिजिओनेला जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून ते श्वासात जातात. साठा ६० ला, आणि प्रत्येक बेसिनला वेगळा थर्मोस्टॅटिक (तापमान आपोआप कायम ठेवणारा) मिक्सर, ३८-४० ला बांधलेला. साधा मिक्सर असला तर शेजारचं बेसिन उघडताच इकडचं पाणी चटका देतं किंवा गार पडतं.

दाब पण तपासा. टाकी शॉवरपासून दहा मीटर उंच असेल तर एक बार दाब मिळतो, तीन मीटर असेल तर ०.३. हँड शॉवरला एक बारच्या आसपास हवा. कमी असेल तर छोटा प्रेशर पंप लागेल. तो गार आणि गरम दोन्ही लाइनींच्या आधी, एकाच जागी लावा. नुसत्या गार लाइनीवर लावला की मिक्सर नीट चालत नाही. गिझर त्या दाबाला चालणारा आहे ना, हे त्याच्यावरच्या पाटीवर बघून घ्या.

---

सातवी_पातळी

दिव्यांबद्दल. कलरचं काम जास्त असणार म्हणालात, तर डोक्यावर पिवळा स्पॉटलाइट हा आराखड्यातला सगळ्यात महागडा दोष आहे.

पिवळा म्हणजे २७०० ते ३००० केल्विन (उजेडाच्या पिवळे-निळेपणाचं माप). त्या उजेडात ॲश (राखाडी) आणि बेज छटा सोनेरी दिसतात. टोनर (छटा दुरुस्त करणारा हलका रंग) उतरला की नाही हे कळत नाही, मग तो पाच मिनिटं जास्त ठेवला जातो, आणि ग्राहक उन्हात गेल्यावर केस राखाडी-हिरवट दिसतात. उलट ६५०० चा निळसर पांढरा घेतला तर प्रत्येक चेहरा आजारी दिसतो. ४००० केल्विन घ्या, सगळ्या खुर्च्यांना एकच, एकाच खोक्यातले. एक खुर्ची ३००० आणि शेजारची ४००० असली की डोळा दोन्हीकडे फसतो.

केल्विनपेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे सीआरआय, दिव्याची रंगदर्शकता: त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात. ९० च्या खाली घेऊ नका. युरोपात कामाच्या जागांच्या उजेडाचं ईएन १२४६४-१ हे मानक आहे. त्यात केशकर्तनासाठी ५०० लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि रंगदर्शकता ९० दिली आहे. जमलं तर आर९ विचारा, तो लाल रंगाचा आकडा. सीआरआय ८० च्या स्वस्त एलईडीत आर९ शून्याच्या आसपास असू शकतो, आणि मग तांबूस केस मातकट तपकिरी दिसतात. आर९ ५० च्या वर हवा.

आता जागा. डोक्यावरून सरळ खाली येणारा उजेड कपाळावर पडतो, डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पाडतो. नुकताच सुंदर हेअरकट झालेला माणूस आरशात दमलेला दिसतो. चेहऱ्याला उजेड समोरून हवा: आरशाच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या, दुधी काचेच्या, जमिनीपासून तीन फुटांवर सुरू होऊन सहा फुटांपर्यंत. आरशाच्या मागून भिंतीवर पडणारी एलईडी पट्टी दिसायला छान, पण तिचा उजेड भिंतीला मिळतो, चेहऱ्याला नाही. तिला कामाच्या उजेडात मोजू नका.

डोक्याच्या मागच्या बाजूचा उजेड बहुतेक जण विसरतात. दिवा स्टायलिस्टच्या मागे असेल तर त्याची स्वतःची सावली मानेवर पडते, आणि मानेवरची रेघ तर तिथेच कापायची असते. छतात दोन लांब पट्ट्या टाका, खुर्च्यांच्या ओळीला समांतर. एक आरशापासून अडीच फुटांवर, म्हणजे ग्राहकाच्या समोर. दुसरी साडेचार-पाच फुटांवर, खुर्चीच्या पाठीच्या जरा मागे. दोन्हीकडून उजेड आला की सावली सौम्य होते.

काळ्या छताची किंमत आकड्यांत बघा. तुमचा मधला कामाचा भाग सुमारे २२ चौरस मीटर. ५०० लक्ससाठी पांढऱ्या छताखाली साधारण २३ हजार ल्युमेन (दिव्यांतून निघणारा एकूण उजेड) पुरतात. काळं छत आणि काळी जमीन असली की हाच आकडा ३४-३५ हजारांवर जातो. तो जादा उजेड काळा रंग गिळतो, विजेचं बिल तुम्ही भरता आणि त्याची उष्णता एसी बाहेर काढतो.

वॉश युनिटवर मात्र उलटं. तिथे डोळे छताकडे असतात. वर दिवा नको. २७००-३००० चा मंद उजेड, भिंतीवर आपटून येणारा. पण टोनर धुताना छटा बघावी लागते, म्हणून मागच्या भिंतीला बेसिनवर रोखलेला एक ४००० चा दिवा वेगळ्या बटणावर ठेवा.

दिवे घेण्याआधीची परीक्षा: सातव्या पातळीच्या (पातळी म्हणजे केस किती गडद-फिकट याचा आकडा) ॲश आणि गोल्ड अशा केसांच्या दोन नमुना-बटा घ्या. दुपारी उघड्या दारात, थेट ऊन टाळून, शेजारी धरा. मग त्याच बटा दिव्याखाली. फरक तितकाच ठळक दिसला तर दिवा घ्या. दिव्यासमोर हाताची बोटं जोरात हलवा. बोटांची तुटक चित्रं दिसली तर ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) लुकलुकतो, तो परत करा. आठ तास त्याखाली कात्री चालवणाऱ्याचं डोकं दुखतं.

---

फेज_न्यूट्रल

वायरिंगचं थोडक्यात, २३० व्होल्ट धरून. व्होल्टेज वेगळं असेल तर अँपिअर बदलतील, तर्क तोच.

ड्रायर २००० वॉट, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. दोन खुर्च्यांना एक सर्किट: दोन ड्रायर साडेसतरा अँपिअर, २० चा एमसीबी (जास्त प्रवाह झाला की बंद पडणारा स्विच), ४ चौरस मिमी तांब्याची वायर. तीन खुर्च्या एका सर्किटवर टाकल्या की गर्दीच्या वेळी, तीन ड्रायर एकदम चालू असताना, ट्रिप होणार. त्यावर उपाय म्हणून मोठा एमसीबी बसवला जातो, आणि मग तापते ती भिंतीतली वायर. हे कधीही करू देऊ नका. गिझर, प्रत्येक एसी, वॉशिंग मशीन स्वतंत्र. सगळ्या सॉकेटना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), पण एकच सामाईक नको. निदान दोन ठेवा, नाहीतर वॉशिंग मशीनच्या गळतीने सगळ्या खुर्च्या बंद पडतील. दिवे वेगळ्या सर्किटवर, म्हणजे काही ट्रिप झालं तरी हातात वस्तरा असताना अंधार होणार नाही.

प्रत्येक खुर्चीला एक जड सॉकेट ड्रायरला, दोन हलकी: एक स्ट्रेटनरला, एक मशीन चार्जिंगला. जागा फळीच्या खाली, बाजूला, जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर. आरशाच्या मधोमध नको, वायर ग्राहकाच्या मांडीवरून जाते. स्टायलिस्ट उजव्या हाताने ड्रायर धरत असेल तर सॉकेट उजवीकडे. ड्रायरची वायर पावणेतीन-तीन मीटरची असू द्या. आखूड वायर ताणली जाऊन प्लगच्या मानेशी तुटते.

स्ट्रेटनर ठेवायला फळीत धातूचा खोलगट कप बसवून घ्या. लॅमिनेटवर २०० अंशांची पट्टी टेकली की फुगा येतो, तो परत बसत नाही.

एसी: एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर. दोन ड्रायर चालू म्हणजे चार किलोवॉट आत. म्हणजे एक टन ड्रायरमध्येच गेला. दहा माणसांचे एक-सव्वा किलोवॉट, दिव्यांचा अर्धा किलोवॉट. काचेतून येणारं ऊन धरलं नाही तरी १.६ टन झाले. तुमच्या जागेला तीन टन, दीड-दीडचे दोन. झोत खुर्च्यांच्या ओळीला समांतर जाऊ द्या. ओल्या डोक्यावर थेट झोत आला की ग्राहक आखडून बसतो, आणि रंग लावलेले केस कडेने वाळून डाग धरतात. जाळी दर आठवड्याला धुवा. इथे तिच्यात केसांचा भुगा जातो, घरातल्या एसीची तारीख इथे चालत नाही.

---

कालवण_वाटी

एसीवरून महत्त्वाचं: स्प्लिट एसी हवा गार करतो, बदलत नाही. तीच हवा फिरते. सलूनमध्ये हे धोक्याचं आहे, आणि आराखड्यात हवा बाहेर टाकायची सोयच दिसत नाही.

ब्लीच पावडरमधल्या परसल्फेटची धूळ श्वासात जाऊन केशकर्मींना दमा होतो, हे वैद्यकशास्त्रात पक्कं नोंदलेलं आहे. रंगातला अमोनिया डोळ्यांना झोंबतो. केस सरळ करायची काही केराटिन उत्पादनं २००-२३० अंशांच्या पट्टीखाली फॉर्मल्डिहाइड सोडतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. ग्राहक तासभर बसतो. स्टायलिस्ट रोज, वर्षानुवर्षं. सजावटीतून एक भिंत कमी करा, पण हे सोडू नका.

ताजी हवा माणशी सेकंदाला १० लिटर, म्हणजे तासाला ३६ घनमीटर. दहा माणसांना ३६०. १५० मिमीचा इनलाइन (पाइपातच बसणारा) पंखा, पाइपची अडवणूक धरून, साधारण तेवढा देतो. पण आत येणाऱ्या हवेलाही वाट हवी, नाहीतर पंखा नुसता घुमतो. पुढच्या दाराच्या वर जाळी ठेवा आणि पंखा मागच्या भिंतीला, म्हणजे हवा पुढून मागे, रिसेप्शनकडून रंगाकडे जाईल.

रंग कालवायच्या टेबलाला वेगळं शोषण. इथे नेहमीची चूक म्हणजे पंखा छतात बसवणं. वाटीतून निघालेली वाफ नाकासमोरून जाऊनच छताला पोचते. शोषणाचं तोंड टेबलाच्या मागच्या कडेला, वाटीच्या उंचीला. आणि अगदी जवळ: पाइपच्या एका व्यासाइतक्या अंतरावर ओढीचा वेग तोंडाच्या जेमतेम १० टक्के उरतो. १५० मिमीचा पाइप असेल तर सहा इंचांपलीकडे ठेवलेली वाटी त्याच्या हातात नाही. टेबलावर त्या अंतराची रेघ आखून ठेवा. केराटिनचं काम शेवटच्या, मागच्या खुर्चीवर, पंखा पूर्ण वेगात.

टेबलाची उंची ३६ इंच, पृष्ठभाग स्टीलचा किंवा कॉम्पॅक्ट लॅमिनेटचा. संगमरवर आणि उघडं लाकूड रंग पितात. दिवा खुर्च्यांसारखाच, ४००० चा. डेव्हलपरच्या (रंगात मिसळायच्या पेरॉक्साइडच्या) बाटल्यांचं कपाट गिझरच्या खाली किंवा शेजारी नको. उष्णतेने पेरॉक्साइड फुटून वायू सुटतो, बाटल्या फुगतात आणि ताकदही उतरते.

---

लादी_पटाशी

काळी चकचकीत टाइल नको. तिच्यावर फिकट केस, पांढरी पावडर, पाण्याचे वाळलेले ठिपके सगळं दिसतं, आणि ओली झाली की घसरते. शुद्ध पांढरीवर काळे केस दिसतात. मधला राखाडी किंवा वाळूचा रंग, बारीक ठिपक्यांचा, मॅट पोर्सेलिन, घसरणीचा दर्जा आर१०. सांधा दोन मिमी, इपॉक्सी ग्राउट. सिमेंटचं ग्राउट हेअर कलर पहिल्याच आठवड्यात पितं.

पायांना टाइल कडक लागते. दिवसभर उभं राहणाऱ्यांचा विचार केला तर पूर्ण चिकटवलेलं व्हिनाइल बरं, वरचा झिजेचा थर ०.५५ मिमी. खटक्यांचं लॅमिनेट नको, हायड्रॉलिक खुर्चीचं वजन आणि वरचा माणूस एका गोलावर येतो आणि खटके उघडतात. व्हिनाइल घेतलं तर त्यावर रबरी मॅट टाकू नका. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये उतरून तपकिरी डाग पडतो. तो वरून पुसला जात नाही, कारण तो आत असतो. पॉलियुरेथेनची मॅट घ्या.

वॉश युनिटच्या भागात मात्र टाइलच, आणि खाली जलरोधक थर, भिंतीवर एक फूट चढवलेला. जमीन आणि भिंतीचा कोन गोलाईने भरून घ्या. काटकोनी स्कर्टिंगच्या वरच्या कडेवर केस साठतात आणि झाडू तिथे पोचत नाही.

---

नवी_कात्री

सगळ्यांचे किती आभार मानू. आता चार अधिक एक खुर्ची, पाणी मागे, छत पांढरं, जमीन राखाडी. काळा रंग फक्त फळ्यांच्या कडांना आणि आरशांच्या चौकटींना ठेवते. आरशांबद्दल शेवटचं: आकार आणि बसवण्याची पद्धत? आणि समोरच्या भिंतीला कोणता रंग?

---

ओळंबा

समोरची भिंत चारही आरशांत दिसणार, प्रत्येक ग्राहकाच्या केसांमागे. गडद हिरवी किंवा लाल केली तर तिचा रंग केसांवर आणि गालावर येतो. मळकट पांढरा किंवा फिकट राखाडी, मॅट. उघडी खोकी, टॉवेलची रास, कोट टांगायच्या खुंट्या त्या भिंतीला नको, बंद दारांची कपाटं घ्या. पाचवी खुर्ची फटीसमोर ठेवल्याने तिचा आरसा कोणत्याच आरशाच्या बरोबर समोर येत नाही, हा फायदा आहेच. समोरासमोर आले की आतल्या आत अंत नसलेले आरसे दिसतात, आणि दिवसभर ते बघणाऱ्याचे डोळे थकतात.

आकार अडीच फूट रुंद, खालची कड जमिनीपासून तीस इंचांवर, वरची साडेसहा फुटांवर. जाडी ५ मिमी, मागे सपाट प्लाय. वाकड्या भिंतीवर थेट चिकटवला तर चेहरा एका बाजूला ओढलेला दिसतो.

चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं ॲसिडिक सिलिकॉन मागचा चांदीचा थर खातं आणि वर्षभरात कडेने काळे डाग सरकत येतात. सिलिकॉनच्या उभ्या रेघा मारा, ठिपके किंवा पूर्ण थर नको, म्हणजे मागची ओल खाली निघून जाईल. वजन खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर येऊ द्या, पट्टीला निचऱ्याची दोन भोकं पाडा, आणि भिंत व आरसा यांत तीन मिमी हवा ठेवा.

तीस इंच हा आकडा सुताराला देण्याआधी तुम्ही निवडलेली खुर्चीच आणून ठेवा. तुमच्यातला सगळ्यात बुटका माणूस खुर्ची पूर्ण खाली करून बसवा, सगळ्यात उंच माणूस पूर्ण वर करून. दोघांच्या डोळ्यांची आणि छातीपर्यंतच्या केसांची रेघ भिंतीवर पेन्सिलने मारा. वरची आणि खालची कड त्या रेघांच्या बाहेर चार-चार इंच जाऊ द्या, मग भोक पाडा.